संकट वेगळं, क्रोध वेगळा

आजचं वाचन: १ थेस्सलनीकाकरांस ३:१-५ आणि ५:१-११



गेल्या बुधवारी इथे रत्नागिरीत आमच्या प्रार्थनासभेत पुन्हा तोच वाद निघाला. मंडळी महासंकटाच्या आधीच वर उचलली जाईल, की त्यातून पार होऊन प्रभूला भेटेल? एका भावाने प्रकटीकरण ३:१० काढलं, दुसऱ्याने मत्तय २४. मीही जोरात बोललो. बोलण्याच्या भरात २०२१ च्या चिपळूणच्या पुराचं उदाहरण दिलं आणि म्हणालो, की देवाच्या क्रोधाच्या वाट्या आता ओतल्या जाऊ लागल्यात. कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. त्या पुरात त्यांचं घर गेलं, तेव्हापासून त्या लेकीकडे इथे राहतात. सभा संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, की मग देव माझ्यावर रागावला होता का? मला उत्तर देता आलं नाही. खाली मान घालून घरी आलो.

रात्री आजचा उतारा वाचत बसलो आणि आठवले ते आपल्याच जिल्ह्यातले रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील वामनराव फार रागीट. आई जानकीबाई मायाळू, कवितेची आवड असलेली. वडिलांच्या रागाचे चटके त्या माउलीने सोसले आणि नारायण लहान असतानाच ती गेली. पुढे त्या मुलाचं घर सुटलं. नाशिकला गुरूंपाशी तो संस्कृत शिकला, कविता करू लागला. बाप आणि राग हे दोन शब्द त्याच्यासाठी किती जवळचे असतील, याचा विचार करा.

१८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. तो वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. तिथे त्यांना एक निराळा बाप भेटला. चांगल्यावर आणि वाइटावर सारखाच पाऊस पाडणारा, मागायच्या आधीच आपली गरज ओळखणारा. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथे नीट लक्ष द्या. आपल्याला वाटतं, प्रभूला धरलं की संकटं सरली. टिळकांची खरी संकटं तिथूनच सुरू झाली. नातलगांनी दार बंद केलं. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू दुरावले. जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण ते दिवस कसले होते! प्लेग आलेला, त्यात १८९९-१९०० चा दुष्काळ. नगर भागात माणसं अन्नाविना मरत होती. तेव्हा टिळक पती-पत्नींनी काय केलं? हा कोणाच्या पापाचा दंड, याचा हिशोब करत बसले नाहीत. दुष्काळातली पोरकी मुलं घरात आणली, त्यांना जेवू घातलं.

टिळक काही देवदूत नव्हते. वडिलांचा तापटपणा त्यांच्यातही उतरला होता, हे लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रांत लपवलेलं नाही. पण ज्या बापाविषयी ते गात होते, त्याने त्यांना सोडलं नाही. १९१७ साली मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. ९ मे १९१९ ला मुंबईत ते प्रभूकडे गेले. अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांची भजनं आजही आपण उपासना संगीतातून गातो.

आता उताऱ्याकडे येऊ. पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला एकाच पत्रात दोन गोष्टी लिहिल्या. ३:३ मध्ये तो सांगतो, की संकटं आपल्यासाठी नेमलेलीच आहेत, त्यांनी डळमळू नका. ५:९ मध्ये सांगतो, की देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही, तर ख्रिस्ताद्वारे तारणासाठी. एक नेमलेलं, एक न नेमलेलं. आम्ही बुधवारी या दोन्हींची खिचडी केली होती.

देवाचा क्रोध खरा आहे, तो पापावर आहे. त्या क्रोधातून ख्रिस्त आपल्याला सोडवतो, रोमकरांस ५:९ तेच सांगतं. मंडळी आधी उचलली जाईल म्हणणारे याच वचनाला धरून आहेत. संकटातून जाईल म्हणणारे ३:३ ला धरून आहेत. दोघांनीही वचन सोडलेलं नाही. पण जो ख्रिस्तात आहे त्याचं घर बुडालं, लेकरू आजारी पडलं, नोकरी गेली, म्हणून तो देवाच्या क्रोधाखाली आहे, असं म्हणायचा अधिकार दोघांपैकी कोणालाही नाही. आणि जो अजून ख्रिस्तात नाही, त्याच्याही पुराकडे बोट दाखवू नये. लूक १३ मध्ये बुरूज पडून मेलेल्यांविषयी प्रभूने लोकांना हेच समजावलं.

काल संध्याकाळी मावशींकडे गेलो. माफी मागितली. हे दोन अध्याय त्यांच्याबरोबर वाचले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चहा ठेवला. निघताना म्हणाल्या, बुधवारी येते.

तुमच्या ओळखीत आज कोण संकटात आहे? ५:११ एकमेकांना धीर द्यायला सांगतं. शेवटच्या काळाचा तक्ता घेऊन जाऊ नका. आधी जेवणाचा डबा घेऊन जा.

प्रार्थना: हे आमच्या स्वर्गीय पित्या, तुझ्या नावाने मी ज्यांना भीती घातली, त्यांना तू धीर दे. संकटात तुझा हात ओळखायला आणि दुसऱ्याचा हात धरायला मला शिकव. येशूच्या नावात, आमेन.