मॉस्कोतील एक खोली

ज्या नगरीला बापाने भव्य संग्रहालय उभारून दिले, त्याच नगरीत लेकीला पाठ टेकण्यापुरती जागा मिळू नये, याला काय म्हणावे? रशियाची थोर कवयित्री मरीना त्स्वेतायेवा हिचे चरित्र वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडला.

मरीनाचा जन्म १८९२ साली मॉस्कोत झाला. वडील इव्हान त्स्वेतायेव विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले ललितकला संग्रहालय १९१२ साली उघडले. आई मारिया उत्तम पियानो वाजवी. मुलीने वादक व्हावे हा तिचा ध्यास, म्हणून लहानग्या मरीनाला तासन्‌तास पियानोपुढे बसावे लागे. आई १९०६ साली क्षयाने गेली आणि मुलगी काव्याकडे वळली. शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया मी रोज पाहतो, त्यामुळे हा ध्यास मला अनोळखी नाही. आईची तालीम फुकट मात्र गेली नाही. मरीनाच्या कवितेची लय कानाला प्रथम जाणवते, असे जाणकार सांगतात. आई आणि संगीत या विषयावर तिने पुढे १९३४ साली एक लेखही लिहिला.

१९१२ साली सेर्गेई एफ्रोन याच्याशी तिचा विवाह झाला आणि त्याच वर्षी थोरली आरियाद्ना जन्मली. धाकटी इरीना १९१७ ची. क्रांतीपाठोपाठ यादवी युद्ध पेटले. पती श्वेत सैन्यात सामील होऊन दूर गेला आणि दोन मुली पदरी घेऊन मरीना मॉस्कोत एकटी राहिली. अन्न नाही, सरपण नाही. घरातले सामान फोडून तिने शेगडीत घातले. एका सरकारी कचेरीत वर्तमानपत्रांची कात्रणे काढण्याचे काम मिळाले, तेही काही महिन्यांतच सुटले. अनाथाश्रमात निदान दोन घास मिळतील, या आशेने १९१९ च्या नोव्हेंबरात तिने दोन्ही मुलींना कुंत्सेवो येथे ठेवले. तिथेही उपासमारच होती. थोरली आजारी पडली, तिला आईने घरी आणून वाचवले. धाकटी १९२० च्या फेब्रुवारीत तिथेच भुकेने गेली. तिला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती.

१९२२ साली मरीना देश सोडून पतीकडे गेली. प्रागजवळ राहून पुढे पॅरिसला बिऱ्हाड केले. १९२५ साली मुलगा गेओर्गी झाला. १९३९ च्या जूनमध्ये ती परतली, आणि ऑगस्टात मुलीला व ऑक्टोबरात पतीला अटक झाली. मग सुरू झाली जागेसाठी वणवण. आज नणंदेकडे, उद्या परक्यांच्या खोलीत. लेखक संघाचे प्रमुख फदेयेव यांना तिने पत्र घातले. मॉस्कोत जागा नाही, असे उत्तर आले. पोटासाठी ती परभाषांतील काव्याचे अनुवाद करी. ती भाषा येत नसे, म्हणून कच्चा तर्जुमा पुढ्यात घेऊन बसे. मधून मधून तुरुंगाच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहून पैसे भरी. पैसे स्वीकारले म्हणजे आपले माणूस जिवंत आहे, एवढीच काय ती खूण.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर चढाई केली आणि महिन्याभरात मॉस्कोवर बाँब पडू लागले. सोळा वर्षांचा मुलगा रात्री आगीचे गोळे विझवायला छपरावर चढे. त्याच्या काळजीने तिने ८ ऑगस्टला शहर सोडले. बोटीवर पोहोचवायला कवी पास्तरनाक आला होता. कामा नदीकाठच्या येलाबुगा गावी मायलेकांना आसरा मिळाला, पण काम मिळेना. जवळच्या चिस्तोपोल गावी लेखकांची कुटुंबे राहत होती. तिथे नव्याने उघडणाऱ्या खाणावळीत भांडी घासण्याचे काम मिळावे, असा अर्ज तिने २६ ऑगस्टला केला. त्या गावी राहण्याची परवानगीही मिळाली. पण तोवर तिचे बळ सरले होते. ३१ ऑगस्टला येलाबुगात तिने स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. वय अठ्ठेचाळीस. तिची नेमकी कबर कुठली, हे आजही कोणाला ठाऊक नाही. पतीला ऑक्टोबरात गोळी घातली गेली. मुलगा १९४४ साली लढाईत पडला. छावणी आणि हद्दपारी भोगून परतलेल्या आरियाद्नाने आईचे साहित्य गोळा करण्यात उरलेले आयुष्य वेचले. १९६१ साली मॉस्कोत मरीनाच्या कवितांचे पुस्तक निघाले. १९७३ साली शोस्ताकोविचने तिच्या सहा कवितांना संगीत दिले. आणि जिथे तिने सामान जाळून मुलींना ऊब दिली, ते घर १९९२ पासून तिचे स्मारक आहे.

माझे वडील बडोद्याच्या दरबारी गात. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते तरुण होते. गवय्याला घर आणि नेमणूक यांचा आधार केवढा असतो, हे आमच्या घरात कोणी शिकवावे लागले नाही. आपल्या जुन्या वाड्यांतून आजही खोल्या रिकाम्या असतात. मूल कडेवर घेऊन एखादी गुणी बाई खोली विचारायला किंवा शिकवणी मागायला दारी आली, तर नाव-गाव विचारण्याआधी तिला बसायला सांगावे, एवढेच मला वाचकांस सुचवावेसे वाटते.