दीनबंधू अँड्रूज आणि तीन पौंडांचा कर

चार्ल्स फ्रीअर अँड्रूज यांचे नाव आपल्या मंडळ्यांत आदराने घेतले जाते. पण त्यांना ‘दीनबंधू’ का म्हणू लागले, असे शब्बाथशाळेत एखाद्या मुलाने विचारले तर आम्हां शिक्षकांनाच अडखळावे लागते. म्हणून हे थोडे लिहीत आहोत.

१८७१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकून ते पाळक झाले व १९०४ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवू लागले.

त्या काळी दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये उसाच्या मळ्यांत व कोळशाच्या खाणींत हिंदी मजूर पाच वर्षांच्या करारावर नेत. करार संपला की तो माणूस गोऱ्यांना तेथे नको असे. त्याला उघड हाकलण्याऐवजी १८९५ च्या कायद्याने अट घातली: मायदेशी जा, पुन्हा करार करा, नाहीतर दरसाल तीन पौंड भरा. पुढे हा कर सोळा वर्षांच्या मुलावर व तेरा वर्षांच्या मुलीवरही बसला. मजुराची मिळकत महिना चौदा शिलिंगांच्या आसपास. वीस शिलिंगांचा पौंड. म्हणजे वर्षाची सगळी कमाई साडेआठ पौंडही नाही, आणि आईबाप व दोन मोठी मुले असली तर कर बारा पौंड! हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा.

त्यातच मार्च १९१३ मध्ये केपचे न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम हिचा अर्ज फेटाळला. तिचे लग्न मुसलमानी रीतीचे, म्हणून नवऱ्याजवळ राहण्याचा हक्क तिला मिळेना. हिंदू व पारशी लग्नांवरही तीच टांगती तलवार आली. ख्रिस्ती विवाहाचे नाव बायकांना घराबाहेर ठेवण्यास उपयोगी पडावे, याची आम्हांला अजूनही लाज वाटते.

गांधीजींनी सत्याग्रह मांडला. नोव्हेंबरात दोन हजारांवर मजूर परवान्यावाचून ट्रान्सवालची सरहद्द ओलांडून गेले. इकडे पुण्याचे नामदार गोखले मदत गोळा करीत होते. अँड्रूज यांनी आपली सारी शिल्लक त्यांच्या हाती दिली. गोखल्यांनी त्यांनाच पियर्सन यांच्याबरोबर आफ्रिकेस धाडले. जानेवारी १९१४ मध्ये दरबानच्या धक्क्यावर उतरताच ते गांधीजींच्या पायांशी वाकले. गोऱ्या वर्तमानपत्रांना ते फार झोंबले.

प्रिटोरियात जनरल स्मट्स यांच्याशी बोलणे एका शब्दरचनेवर अडले होते. दोन्हीकडे खेटे घालून अँड्रूज यांनी मार्ग काढला. त्याच महिन्यात विलायतेत त्यांची आई वारली. भेट झाली नाही. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि एका पत्नीपुरते हिंदू-मुसलमान विवाह मान्य झाले. त्या विवाहांसाठी एक ख्रिस्ती पाळक रदबदली करीत होता! नव्या माणसांना मात्र दार बंदच राहिले.

१९१५ साली ते फिजीला गेले. तेथे शंभर पुरुषांमागे चाळीस बायका नेण्याचा नियम होता; त्यातून झालेली दैना त्यांनी लिहून जगापुढे मांडली. दीनबंधू हे नाव त्यांना तेथल्या मजुरांमुळे मिळाले. १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करारही रद्द झाले.

परतलेल्यांचे काय झाले? पुष्कळांना गावाने व जातीने घरात घेतले नाही. कलकत्त्याच्या गोदीजवळ मटियाबुर्जला ते उपाशी, तापाने फणफणत, पुन्हा जहाज मिळेल म्हणून बसून होते. अँड्रूज तेथेही जात आणि त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे नेत. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यातच ते निवर्तले.