डॉ. होमी भाभा आणि अणूच्या पोटातले आकार

थोर माणसांची चरित्रे वाचताना आपण बहुधा त्यांनी स्वतः काय केले तेवढेच पाहतो. डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र मात्र त्यांच्या पश्चात काय घडले ते पाहिल्याशिवाय पुरे होत नाही. भारतीय अणुशक्तीचे जनक म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते; पण वीज आणि बाँब या दोन शब्दांपुढे आपली माहिती सहसा जात नाही. अणूच्या पोटातले केंद्र गोल असते की लांबट, हे मोजणारी माणसे आपल्या मुंबईत तयार झाली, तीही त्यांनी घातलेल्या पायावरच. त्या बाजूने त्यांच्या जीवनाकडे पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर होते आणि आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात ग्रंथांचा, चित्रांचा आणि पाश्चात्त्य संगीताचा मोठा संग्रह होता. एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील शिक्षणानंतर १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, ही वडिलांची इच्छा. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतलेले. वडिलांनी अट घातली, की इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे हवे ते शिकता येईल. १९३० मध्ये भाभांनी ती अट पूर्ण केली आणि आपला मार्ग मोकळा करून घेतला.

पुढील दहा वर्षांत त्यांचे नाव युरोपभर झाले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर कशी होते याचे त्यांनी केलेले गणित आज ‘भाभा विकिरण’ या नावाने शिकवले जाते. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांचा वर्षाव कसा होतो याचा सिद्धांत मांडला. याच काळात ते चित्रे काढीत होते आणि मोझार्टच्या एका संगीतिकेसाठी रंगमंचाची सजावटही करीत होते. विज्ञान आणि कला ही दोन वेगळी गावे आहेत असे त्यांनी कधी मानलेच नाही.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या सहवासात ते काम करू लागले. येथेच त्यांच्या मनाने कौल दिला, की आता येथेच राहायचे. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना पाठवली. अणुशक्ती उद्या वापरात आली तर तज्ज्ञांसाठी देशाला परक्याच्या दारी जावे लागू नये, हा त्यामागील विचार होता. त्या वेळी हिरोशिमा घडायचे होते! १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. मुंबईतील तिचे पहिले घर म्हणजे पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्याचा काही भाग; कुलाब्याची भव्य इमारत व्हायला १९६२ उजाडले. त्या इमारतीत त्यांनी हुसेन यांचे भित्तिचित्र लावले, आधुनिक भारतीय चित्रकारांची चित्रे जमवली. आड येणारे झाड तोडण्यापेक्षा ते मुळासकट दुसरीकडे नेऊन लावण्याकडे त्यांचा कल असे.

१९४८ मध्ये अणुशक्ती आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनचे, पण रचना व उभारणी भारतीयांची. १९६० मध्ये कॅनडाच्या साह्याने ‘सायरस’ ही मोठी भट्टी सुरू झाली. डॉ. राजा रामण्णा यांच्यासारख्या तरुणांना भाभांनी हेरून आणले, आणि त्यांनी अप्सरेतील न्यूट्रॉन वापरून युरेनियमचे विखंडन अभ्यासण्यास प्रारंभ केला.

आता या विखंडनाचा आकाराशी संबंध काय, ते पाहू. अणुकेंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. त्यांच्या काही ठराविक संख्या जमल्या की केंद्र कवठासारखे गोल राहते. एरवी ते खारकेसारखे लांबट किंवा पेढ्यासारखे चपटे होते. युरेनियमचे केंद्र न्यूट्रॉन गिळून लांबते, मध्ये बारीक होते आणि तुटते. मोठ्या केंद्रात न्यूट्रॉनांचे प्रमाण जास्त असल्याने तुकड्यांच्या वाट्याला ते गरजेपेक्षा अधिक येतात. निसर्गात टिकून असलेल्या नेहमीच्या बेरियममध्ये ८२ न्यूट्रॉन असतात. विखंडनातून ८८ न्यूट्रॉनांचे बेरियम-१४४ निघते आणि सुमारे साडेअकरा सेकंदांत त्यातले निम्मे नाहीसे होते.

इतक्या अल्पजीवी आणि अणूच्याही हजारो पटींनी लहान वस्तूचा आकार मोजायचा कसा? गुळगुळीत गोल गोटी फिरते आहे की स्थिर आहे हे दुरून कळत नाही. लांबट खारीक फिरू लागली की लगेच कळते. अणुकेंद्राचेही काहीसे तसेच. लांबट केंद्र गरगर फिरते आणि मंदावताना पायरी-पायरीने गॅमा किरण सोडते. त्या किरणांच्या ऊर्जेवरून पायऱ्यांची उंची कळते. दुसरी पायरी पहिलीच्या सुमारे ३.३ पट उंच असेल तर केंद्र चांगलेच लांबट. दुपटीच्या आसपास असेल तर जवळजवळ गोल. एका पायरीवर केंद्र किती क्षण थांबते हे मोजले, की ते किती लांबट आहे याचाही अंदाज येतो.

ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी अणुभट्टीतून काढलेल्या न्यूट्रॉनांच्या झोताने युरेनियम-२३५ फोडून त्याच्या न्यूट्रॉनसंपन्न तुकड्यांचे गॅमा किरण अशाच रीतीने मोजले आहेत. कुलाब्याला १९८८ च्या अखेरीस पेलेट्रॉन हे त्वरणयंत्र आले. जर्मेनियमच्या शोधकांची एक मोठी जुळणी देशातील संस्थांनी मिळून उभारली; ती मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथे आळीपाळीने वापरली जाते. जगातही हे काम जोरात आहे. बेरियम-१४४ चे केंद्र नासपतीसारखे एका टोकाला फुगीर असल्याचा पुरावा २०१६ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत मिळाला.

भाभांचे सारेच बरोबर होते असे म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष असताना, दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल असे भाकीत त्यांनी केले होते. ते खरे ठरले नाही. त्यांच्याच संस्थेत १९६२ पर्यंत असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीचा आग्रह धरीत होते. मेघनाद साहांचे म्हणणे होते, की संशोधन विद्यापीठांतच वाढले पाहिजे. वेगळ्या संस्था काढल्या तर विद्यापीठे ओस पडतील. हा आक्षेप आपल्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयाने तरी हसण्यावारी नेऊ नये. अप्सरा चालू झाली तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठसुद्धा नव्हते. ते १९५८ मध्ये झाले. भाभांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की १९५७ पासून ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेचे दार त्यांनी देशभरच्या पदवीधरांना उघडे केले.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. वय अवघे छप्पन्न. पेलेट्रॉन त्यांनी पाहिले नाही, त्यावर काम करणारी पिढीही पाहिली नाही. पण कामे थांबली नाहीत. माणसे तयार करून ठेवलेली होती, आणि लागेल ते उपकरण आपणच बनवायचे ही सवय त्यांच्या हाताला लागलेली होती.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात, हट्ट्यापासून फार दूर नसलेल्या औंढा नागनाथच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये तिला केंद्र सरकारची अंतिम मंजुरी मिळाली, आणि ती उभारण्यात भाभांनी घडवलेल्या अणुऊर्जा विभागाचा मोठा वाटा आहे. न्यूट्रॉन तारा हा बव्हंशी न्यूट्रॉनांनीच भरलेला असतो. २०१७ मध्ये असे दोन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी परदेशातील वेधशाळांनी टिपल्या, आणि परस्परांच्या ओढीने त्यांचा आकार किती बदलू शकतो याला मर्यादा घालता आली. म्हणजे ट्रॉम्बेत अणूच्या पोटात विचारला गेलेला प्रश्न उद्या आपल्या शिवाराजवळ आकाशाला विचारला जाणार आहे. त्या वेधशाळेत आपल्या भागातील मुले केवळ पहारेकरी म्हणून उभी राहणार, की मोजमाप करणारी म्हणून आत जाणार? भाभांची जयंती आपण दरवर्षी साजरी करू शकतो; पण साहांच्या आक्षेपाला आणि भाभांच्या स्वप्नाला एकदमच उत्तर द्यायचे असेल, तर ते आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांतूनच द्यावे लागेल.