काचघरातील विश्वकर्मा

चित्रपटाचा इतिहास सांगताना भांडवल आणि व्यापार यांचीच चर्चा फार होते. पुठ्ठा, लाकूड, प्लास्टर आणि रंग यांतून या कलेला स्वप्न पाहण्यास शिकविणाऱ्या हातांचे स्मरण मात्र क्वचितच होते. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस हे अशा उपेक्षितांचे अग्रणी होत.

८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमधील बुटांच्या एका कारखानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. लंडनमध्ये पाहिलेल्या जादूच्या प्रयोगांनी ते भारले गेले आणि १८८८ मध्ये त्यांनी पॅरिसचे रोबेर-हूदँ नाट्यगृह विकत घेतले. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्यूमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ त्यांनी पाहिला. त्यांचे यंत्र मागितले, ते मिळाले नाही. तेव्हा लंडनहून दुसरे यंत्र आणून, त्यात फेरफार करून त्यांनी स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला.

१८९७ मध्ये मोंत्रई येथे त्यांनी काचेच्या भिंतींचे चित्रीकरणगृह उभारले. त्या काळच्या फिल्मवर रंगांच्या छटा विपरीत उमटत, म्हणून तेथील पडदे केवळ करड्या छटांत रंगविले जात. १९०२ च्या मे महिन्यात मार्तिनिक बेटावरील पले ज्वालामुखीने सेंट पिएर शहर बेचिराख केले. त्याच वर्षी मेलिएस यांनी त्या उत्पाताची छोटी प्रतिकृती करून ज्वाला, धूर आणि राख यांच्यासह तिचे चित्रीकरण केले. यामागील तत्त्व साधेच आहे. चौकटीत खऱ्या मापाची दुसरी वस्तू नसली, की डोळा लहानाला लहान म्हणू शकत नाही. १९०४ च्या ‘अशक्य प्रवास’ या चित्रपटातील डोंगरावरून धावणारी आगगाडीही अशीच इवलीशी होती.

१९०२ च्या ‘चंद्रावरील सफर’ने त्यांना जगभर कीर्ती दिली, पण अमेरिकेत तिच्या चोरट्या प्रतींवर इतरांनीच पैसा केला. पुढे मोठ्या कंपन्यांच्या यंत्रवत् उत्पादनापुढे हा एकांडा कारागीर टिकला नाही. महायुद्धात त्यांच्या चित्रपटांच्या कित्येक प्रती लष्कराने वितळविल्या आणि त्यापासून बुटांच्या टाचा बनविल्या. ज्या धंद्याकडे त्यांनी पाठ फिरविली, त्यानेच जणू सूड उगविला. १९२३ मध्ये नाट्यगृह पाडले गेले, तेव्हा उद्विग्न होऊन त्यांनी उरलेल्या मूळ फिल्म्स स्वहस्ते जाळल्या. सुमारे पाचशे चित्रपटांचा हा जनक पुढे माँपार्नास स्थानकावर खेळणी व मिठाई विकत बसला.

पत्रकारांनी त्यांना शोधून काढले; १९३१ मध्ये राष्ट्रीय सन्मान आणि नंतर ओर्ली येथील वृद्धाश्रमात आसरा मिळाला. २१ जानेवारी १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

जादूचे प्रयोग करणारे आपले दादासाहेब फाळके हे त्यांचेच सगोत्र. त्यांचीही अखेरची वर्षे उपेक्षेतच गेली. कलावंताला हार घालणे सोपे असते. तो काम करीत असताना त्याचे काम आणि त्याचा हक्क राखणे अवघड. मेलिएस यांच्या दोनशेहून अधिक कृती आज उपलब्ध आहेत, त्या जगभर विखुरलेल्या प्रती जपल्या गेल्या म्हणून. ज्या जळाल्या, त्यांच्या राखेवर मात्र कोणताही सन्मान उगवला नाही.