प्राध्यापक दि. ब. देवधर

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे एक प्राध्यापक मैदानावर उतरले म्हणजे भल्या भल्या गोलंदाजांना घाम फोडीत. त्यांचे नाव दिनकर बळवंत देवधर. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुणे येथे झाला. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. देवधर प्राध्यापकी करीत आणि खेळतही.

१९११ साली ते प्रथम श्रेणीच्या सामन्यांत खेळू लागले. १९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानात आला. आपला देश तेव्हा कसोटी सामने खेळत नव्हता. इंग्रजांच्या तोडीचे खेळाडू येथे आहेत काय, हाच प्रश्न होता. मुंबईच्या सामन्यात देवधरांनी १४८ धावा काढल्या आणि हिंदी संघाने पाहुण्यांवर आघाडी मिळविली. कसोटीच्या मानासाठी अशा खेळींनी मोठे बळ दिले.

तो मान १९३२ साली मिळाला. हिंदी संघ इंग्लंडला गेला; देवधर मात्र त्यात नव्हते. त्यांना चाळिसावे वर्ष पूर्ण झाले होते. यांचे खेळण्याचे वय सरले, असे निवड करणाऱ्यांना वाटले. पुढेही एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. दुसरा कोणी असता, तर खिन्न होऊन घरी बसला असता.

देवधरांनी महाराष्ट्राच्या संघाकडे लक्ष वळविले. ते त्याचे कर्णधारही होते आणि गुरूही. त्यांच्या हाताखाली सांगलीचे तरुण विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. मुंबईने एका सामन्यात ६५० धावांचा डोंगर रचला, तेव्हा महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यांपैकी २४६ एकट्या कर्णधारांच्या होत्या! त्यांचे वय ४८ होते. १९४४ साली तर बावन्नाव्या वर्षी त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली : १०५ आणि १४१. निवड करणाऱ्यांचा अंदाज किती चुकला होता, ते यावरून दिसते.

जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. पुढे तेथील विजय झोल हा याच महाराष्ट्र संघातून खेळला.

खेळणे थांबल्यावर देवधर राष्ट्रीय संघाची निवड करणाऱ्यांत होते. त्यांना १९६५ साली पद्मश्री व १९९१ साली पद्मभूषण हे सन्मान मिळाले. १९७३ साली त्यांच्या नावाने देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाची १०१ वर्षे पूर्ण केल्यावर, त्यांचे पुण्यात निधन झाले.