टाइप घासणारा मुलगा : जावजी दादाजी

संगणकाच्या धंद्यात शिरू पाहणाऱ्या अमरावती-अकोल्याकडील आमच्या विद्यार्थ्यांत एक वाद वारंवार ऐकू येतो. आधी पदवी मिळवावी, की एखाद्या कचेरीत लवकर शिरून प्रत्यक्ष कामच शिकावे? आईबाप पदवीचा आग्रह धरतात. मुले शाळा न शिकता मोठ्या झालेल्या पुरुषांची नावे सांगतात. अशा नावांत जावजी दादाजी चौधरी हे एक अस्सल मराठी नाव होय. संगणकाच्या पूर्वी ज्ञान घरोघर पोचविणारे यंत्र म्हणजे छापखाना; त्या विद्येत जावजींनी मोठी कीर्ती मिळविली. त्यांच्या चरित्रावरून हा वाद पारखून पाहावा, असे आम्हांस वाटते.

जावजींचा जन्म इ. स. १८३९ मध्ये मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. शाळेत फार काळ बसण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर टाइप घासण्याच्या कामास लागले. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि साच्यात शिशाचा मिश्र रस ओतावयाचा, अशी टाइप घडविण्याची त्या काळी रीत होती. ओतलेल्या टाइपास राहिलेले खडबडीत कंगोरे घासून काढावे लागत. एक टाइप केसभर जाड राहिला, तरी सबंध ओळ बिघडे. काम हलके दिसे. पण बारकाईने पाहणाऱ्यास त्यात साऱ्या कलेचे मूळ सापडे. थॉमस ग्रॅहम यांच्यासारख्या निष्णात कारागिराची देखरेख तेथे असल्यामुळे तो छापखाना हीच जावजींची शाळा झाली.

पुढे मुंबईतील इतर छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ साली स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. ठसे कोरण्यात निपुण असलेले त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांचे त्यांस मोलाचे साह्य झाले. रोमन लिपीची मुळाक्षरे सव्वीस. देवनागरीस मात्र काना, मात्रा व जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे टाइप लागत. ते सुबक व एकसारखे घडविणे, हे त्यांचे यश होय. १८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना स्थापन केला. त्याआधी दोनच वर्षे, १८६७ मध्ये, अकोला व बडनेऱ्यावरून जाणारी आगगाडी नागपुरास पोचली होती. त्यामुळे मुंबईची पुस्तके वऱ्हाडात येणेही सुलभ झाले. मुलांचे ‘बालबोध’ मासिक विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादकत्वाखाली १८८१ पासून या छापखान्यातून निघू लागले.

एवढ्यावरून शाळा निरर्थक ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. जावजींनी शाळा तिरस्काराने सोडली नव्हती. ती गरिबीने सुटली होती. १८८६ साली त्यांनी संस्कृत ग्रंथांची ‘काव्यमाला’ सुरू केली, तेव्हा जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब या विद्वानांकडे संपादन सोपविले. जे ज्ञान आपणांपाशी नव्हते, त्याचा मान राखून त्यांनी ते आपल्या कामाशी जोडले. पंडितांची विद्या हस्तलिखितांत अडकली असती आणि जावजींचे टाइप अर्थावाचून मुके राहिले असते. दोहोंच्या संयोगानेच ग्रंथ झाले. १८९२ साली जावजी निवर्तले. त्यांच्यामागे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी हे कार्य पुढे चालविले, आणि निर्णयसागरच्या जुन्या प्रती संस्कृतचे अभ्यासक आजही जपून वापरतात.

छापखान्यात कोणताही मजकूर मुद्रित तपासल्यावाचून छापीत नाहीत. अनुभवाचेही तसेच आहे. चूक दाखविणारा कोणी नसेल, तर दहा वर्षांचे काम म्हणजे एकच चूक दहा वर्षे छापणे होय. उलटपक्षी, ज्याने हातात टाइप कधी धरला नाही, त्याची पदवीही कोरीच राहते. म्हणून संगणक शिकणाऱ्या मुलाने कामास अवश्य हात घालावा, परंतु आपले काम तपासणारा गुरू आधी शोधावा. आणि पालकांनी मुलाच्या हाती प्रमाणपत्र आले का, एवढेच न विचारता, त्याने स्वतः काय घडविले व ते कोणी तपासले, हेही विचारावे.