डॉ. ओसामु तेझुका : जीवमात्राचे चित्रकथाकार

चित्रकथा म्हणजे लहान मुलांच्या करमणुकीची, सुटीत चाळून बाजूला ठेवण्याची वस्तू, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. जपानमध्ये मात्र ‘मांगा’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार शाळकरी मुलांपासून आगगाडीने कचेरीला जाणाऱ्या प्रौढांपर्यंत सर्वच वाचतात. जन्म, मृत्यू, युद्ध, पुनर्जन्म, प्राणिमात्रांविषयीची करुणा असे गहन विषय चित्रांच्या चौकटींत मांडता येतात, हे ज्यांनी आपल्या लेखणीने सिद्ध केले त्यांत डॉ. ओसामु तेझुका यांचे स्थान अग्रभागी आहे. शिक्षणाने वैद्य असलेल्या या गृहस्थाने आयुष्यभर एकच विषय पुनःपुन्हा हाताळला. तो विषय म्हणजे जीवाचे मोल.

३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाका प्रांतातील तोयोनाका येथे त्यांचा जन्म झाला. हा दिवस सम्राट मेइजी यांचा जन्मदिन. त्यांच्या नावातीलच एक अक्षर घेऊन बाळाचे नाव ओसामु ठेवण्यात आले. पुढे कुटुंब जवळच्या ताकाराझुका या गावी राहावयास गेले. तेथील नाट्यसंस्था सर्व भूमिका स्त्रियांनीच करण्याबद्दल प्रसिद्ध आहे. आई मुलाला ती नाटके पाहावयास नेत असे आणि घरी चित्रकथा वाचून दाखविताना प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढीत असे. वडिलांपाशी घरगुती चित्रपटयंत्र होते. त्यावर मुलांना परदेशी व्यंगचित्रपट पाहावयास मिळत. ओसामु अंगाने किरकोळ, केस कुरळे, डोळ्यांवर चष्मा. त्यामुळे शाळेत थट्टा ठरलेली. ती थांबली ती त्याच्या चित्रांमुळे.

दुसरे वेड कीटकांचे. भुंगे, फुलपाखरे गोळा करावीत, त्यांच्या पायांची, पंखांची बारीकसारीक ठेवण न्याहाळावी आणि रंगीत चित्रे काढून वह्या भराव्यात, यात त्याचे दिवसचे दिवस जात. संग्रहासाठी कीटक टाचणीला टोचण्याचा हा छंद कोणत्याही जैन घरात कोणी चालू दिला नसता, हे उघड आहे. परंतु ज्याच्याकडे इतर माणसे ढुंकूनही पाहत नाहीत अशा क्षुद्र जीवाकडे तासन् तास एकटक पाहण्याची सवय त्यातूनच जडली, हेही तितकेच खरे. ‘ओसामुशी’ नावाचा एक भुंगा आहे. त्याच्या नावाशी आपले नाव जुळते हे पाहून या मुलाने आपल्या नावापुढे ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर जोडले आणि तेच लेखननाम मरेपर्यंत वापरले. जगात मान्यता मिळालेल्या माणसाने स्वतःला किड्याचे नाव घेऊन मिरवावे, यातील नम्रता लक्षात घेण्याजोगी आहे.

महायुद्धाच्या काळात विद्यार्थ्यांना कारखान्यांत कामाला जुंपले जाई. याच सुमारास ओसामुच्या दोन्ही हातांना गजकर्णाचा इतका तीव्र संसर्ग झाला की हात गमवावे लागतात की काय, अशी भीती निर्माण झाली. एका डॉक्टरांच्या उपचारांनी हात वाचले आणि आपणही वैद्य व्हावे ही इच्छा मनात रुजली. जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा ते कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होते. ते बचावले; पण खाली उतरल्यावर जळालेली वस्ती आणि माणसांचे व जनावरांचे देह पाहिले. ते दृश्य त्यांना कधीच विसरता आले नाही. १९७४ मध्ये ‘कागदी किल्ला’ या अर्थाच्या नावाच्या कथेत त्यांनी ते रेखाटले. ऑगस्टमध्ये युद्ध संपले. त्या रात्री ओसाका शहरात दिवे लागलेले पाहून आपण जिवंत आहोत, या एकाच जाणिवेने ते भारावून गेले.

त्याच वर्षी त्यांनी ओसाका विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला होता. जानेवारी १९४६ मध्ये मुलांच्या एका वृत्तपत्रात ‘माचानची रोजनिशी’ ही चार चौकटींची चित्रमाला सुरू झाली आणि अवघ्या सतराव्या वर्षी व्यवसायाचा श्रीगणेशा झाला. १९४७ मध्ये शिचिमा साकाई यांच्या सहकार्याने ‘नवे रत्नद्वीप’ हे पुस्तक निघाले. पळणाऱ्या मोटारीकडे कधी दुरून, कधी अगदी जवळून पाहावे तशी चित्रपटासारखी दृश्यरचना मुलांनी पूर्वी पाहिलेली नव्हती. त्याच्या चार लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. वैद्यकी की चित्रकला, हा पेच पडला तेव्हा आईने त्यांना एवढेच विचारले की मनापासून काय आवडते. आणि जे आवडते तेच करण्याचा सल्ला दिला. तरीही त्यांनी शिक्षण अर्धवट सोडले नाही. वैद्यकीय परीक्षा ते उत्तीर्ण झाले आणि १९६१ मध्ये गोगलगाईच्या पेशींवरील संशोधनाला डॉक्टरेटही मिळाली.

१९५० पासून ‘जंगलचा सम्राट’ ही पांढऱ्या सिंहाची कथा आणि १९५२ पासून ‘पोलादी बाहूंचा अणू’ ही यंत्रबालकाची कथा, या दोहोंनी त्यांचे नाव घरोघर पोहोचले. हाच यंत्रबालक पुढे जगभर ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखला गेला. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ त्याच्या जागी यंत्र घडवितो आणि ते वाढत नाही म्हणून सर्कशीत विकून टाकतो. या बाळाला माणसांसारखे मन आहे. माणसे मात्र त्याला यंत्रच समजतात. वरवर साहसकथा वाटणाऱ्या या मालिकेचे खरे दुःख ते आहे.

१ जानेवारी १९६३ पासून या कथेची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग करावयाचा, तर पूर्ण हालचालींची चित्रे काढणे अशक्य होते. तेव्हा सेकंदाला आठच चित्रे काढावयाची, बोलताना केवळ ओठ हलवावयाचे, एकदा काढलेली चित्रे जपून पुन्हा वापरावयाची, अशा युक्त्या त्यांनी योजिल्या. भाग मात्र खर्चाहून कमी किमतीत विकले. पुढील चित्रकारांना वर्षानुवर्षे अल्प मोबदल्यावर राबावे लागले ते या पायंड्यामुळे, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. त्यांची ‘मुशी’ ही निर्मितिसंस्था १९७३ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

स्वभावात मत्सरही होता. शोतारो इशिनोमोरी हे त्यांना गुरुस्थानी मानणारे तरुण चित्रकार. त्यांच्या ‘जुन’ या प्रयोगशील मालिकेची तेझुका यांनी हेटाळणी केली. इशिनोमोरी इतके दुखावले की मालिका बंद करण्यास निघाले. तेव्हा तेझुका स्वतः त्यांच्या घरी गेले आणि क्षमा मागून आले. कीर्तीच्या शिखरावरील माणसाने कनिष्ठाच्या दारी जाऊन क्षमायाचना करावी, हे सोपे नव्हे.

संस्था बुडाली त्याच वर्षी ‘ब्लॅक जॅक’ ही परवाना नसलेल्या शल्यविशारदाची कथा सुरू झाली. तेझुका संपले, असे म्हणणाऱ्यांना तिने गप्प केले. त्याआधी, १९७२ मध्ये, ‘बुद्ध’ ही चौदा खंडांची चित्रकथा त्यांनी आरंभिली होती. ती १९८३ पर्यंत चालली. भुकेल्या वृद्धाला दुसरे काही देता येत नाही म्हणून अग्नीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा तिच्या प्रारंभीच येते. पुढे नारदत्त नावाचा शिष्य एका मनुष्याचे प्राण वाचविण्याच्या भरात अनेक पशूंचा बळी देतो. हेतू चांगला, पण गुरू असित ऋषी त्याला क्षमा करीत नाहीत. माणसाच्या जीवासाठी इतर जीव खर्ची टाकण्याचा अधिकार कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न आणि त्याची शिक्षा म्हणून नारदत्ताला वर्षानुवर्षे पशूसारखे जगावे लागते. जीवांत लहानमोठे ठरविणाऱ्या हिशेबावरचा हा प्रहार भगवान महावीरांच्या अनुयायांना ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही. इंग्रजी भाषांतर झाल्यावर २००४ व २००५ मध्ये या ग्रंथाला अमेरिकेतील आयस्नर पुरस्कार मिळाले.

सुमारे दीड लाख पृष्ठे त्यांनी काढली. जन्ममरणाच्या फेऱ्यावरील ‘अग्निपक्षी’ या महाकथेवर १९५४ पासून ते अधूनमधून काम करीत राहिले. ती अपुरीच राहिली. जठराच्या कर्करोगाने रुग्णालयात असतानाही कागद-पेन्सिल सुटली नव्हती. आपल्याला काम करू द्यावे, अशी विनवणी ते अखेरपर्यंत करीत होते. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी टोकियो येथे वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी तीन कथा हाती होत्या आणि तिन्ही अर्ध्यावर होत्या. ज्या ताकाराझुकामध्ये त्यांनी भुंगे शोधले, तेथे १९९४ मध्ये त्यांचे संग्रहालय उघडण्यात आले.